गाडी बाहेर लावा

पुढची दोन चाकं दाराच्या पितळी पट्टीवर चढली होती, मागची दोन अजून बाहेरच्या फरशीवर होती, तेवढ्यात एका हातानं गाडीचा दांडा धरला. हात म्हातारा होता, अंगठ्याच्या नखाला चुना लागलेला होता आणि धरण्यात जोर असा मुळीच नव्हता. तरी मेघनाच्या बोटाखालचा खटका आपोआप सुटला आणि गाडी जागच्या जागी थबकली. एवढासा हिसका, पण तो पाठीतून वर चढत मानेपर्यंत गेला आणि तिथंच बसून राहिला. ‘‘गाडी बाहेर लावा, बाई,’’ वॉचमन म्हणाला. त्याचा गणवेश त्याच्यापेक्षा दोन माप मोठा होता आणि खिशावरच्या पट्टीवर ‘जोतीराम’ असं लिहिलेलं होतं. आवाजात उर्मटपणा नव्हता. उलट आपण काही भलतंच बोलतो आहोत हे त्याला कळत असावं, कारण तो तिच्याकडे न बघता गाडीच्या पुढच्या दिव्याकडे बघत होता. ‘‘गाड्या तकडं लावत्यात, त्या लिंबाखाली. हितं आत न्हाय चालत.’’

मेघनानं लिंबाखाली पाहिलं. तिथं मोटारसायकली उभ्या होत्या, एक दुधाच्या किटल्या लावलेली, एक नवी कोरी, हार घातलेली. त्यांच्या रांगेत आपली ही चार चाकांची, खुर्चीएवढी बॅटरीची स्कूटर लावायची आणि मग? मग काय करायचं हे त्या माणसाच्या डोक्यात आलेलंच नव्हतं. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. रविवारची सकाळ, दुकान नुकतंच उघडलेलं, काचेच्या दारातून उदबत्तीचा वास आणि एसीचा गार झोत एकदमच तिच्या गुडघ्यांवर येत होता. पाठीला बारामतीचं ऊन आणि पुढ्यात तो गारवा. अशी अर्धी आत, अर्धी बाहेर ती किती वेळ होती कुणास ठाऊक, मिनिटभरही नसेल. पण त्या मिनिटात तिला आपली सगळी खरेदी आठवली. सत्तेचाळीस वर्षांत अंगावर चढलेला एकूणएक कपडा.

कारण तिनं कुठलंही कापड दुकानात जाऊन घेतलंच नव्हतं. दीड वर्षाची असताना पोलिओनं पाय नेले, तेव्हापासून कुबड्या, आणि कापडाच्या दुकानांना पायऱ्या. आई आत जायची आणि ती बाहेर रिक्षात बसायची. मग नोकरां­च्या हातून तीन साड्या बाहेर यायच्या. नेहमी तीनच. एक बदामी, एक राखाडी आणि एक कसलीशी फिकट, धुवून आणल्यासारखी. ‘‘बाईंना शोभतील अशाच आणल्यात,’’ असं म्हणून दुकानातला माणूस त्या तिच्या मांडीवर ठेवायचा. तिन्हींतली एक ती घ्यायची आणि घरी आल्यावर आई म्हणायची, तुझी पसंती बाई फार शांत. पसंती! तीन माणसांनी गाळून गाळून जे उरवलं त्यातलं एक उचलायचं, याला पसंती म्हणतात हे तिला बरीच वर्षं खरंच वाटत होतं. काटेवाडीच्या शाळेत ती गणित शिकवायची. वर्गात मुलं तिला ‘बदामी बाई’ म्हणतात हे कळलं तेव्हा ती हसली होती, पण घरी येऊन कपाट उघडून बघत बसली होती. कपाटात खरोखर ऊन पडलेल्या भिंतीसारखं एकच काहीतरी दिसत होतं.

उद्या सोमवारी ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका म्हणून खुर्चीवर बसणार होती. पत्र शुक्रवारी हातात पडलं. भाऊ बुद्धघोष पुण्याहून फोनवर म्हणाला, ताई, साडी माझ्याकडनं, पाठवतो. ती म्हणाली, नको. मी जाऊन घेणार. ‘जाऊन’ हा शब्द तोंडातून निघाला आणि तीच जरा दचकली. कुठला रंग घेणार, त्यानं विचारलं. तिला सांगता आलं नाही. आपल्याला कुठला रंग आवडतो हे तिला ठाऊकच नव्हतं, कारण सगळे रंग एका जागी तिनं कधी पाहिलेच नव्हते.

स्कूटर येऊन दोन महिने झाले होते. तीही बुद्धघोषनंच आणली. डॉक्टर म्हणाले होते, चाळीस वर्षं तुम्ही खांद्यांनी चाललात, आता खांदे थकले, कुबड्या सोडा. सोडा म्हणजे घरी बसा, असाच अर्थ तिनं धरला होता. मग ही गाडी आली. दांड्यावर वेगाचं एक गोल बटण, त्याच्या एका टोकाला कासव काढलेलं आणि दुसऱ्या टोकाला ससा. पहिल्या दिवशी ती अंगणातून रस्त्यापर्यंत कासवावर गेली आणि परत आली, आणि तिच्या लक्षात आलं की आपले हात रिकामे आहेत. एका हातानं खटका दाबला की झालं, दुसरा हात मोकळा. आयुष्यात पहिल्यांदा तिनं चालता चालता छत्री धरली. चहाचा कप एका खोलीतून दुसरीत नेला, सांडला, पुन्हा नेला. त्या दिवशी तिनं सहा वेळा चहा केला. प्यायची इच्छा नव्हती, फक्त न्यायचा होता.

पण दुकानांचं वेगळंच होतं. औषधाच्या दुकानात ती सरळ आत गेली, कुणी काही बोललं नाही. वह्या-पेनांच्या दुकानात मात्र वळताना मागचं चाक एका मांडणीला लागलं आणि कंपासपेट्या धडाधड खाली आल्या. ‘‘काही हरकत नाही, मॅडम,’’ मालक म्हणाला आणि खरोखर प्रेमानं म्हणाला. दुसऱ्या वेळी मात्र ती लांबून दिसताच तो लगबगीनं बाहेर आला, काय हवंय ते विचारलं, आणून दिलं. तिसऱ्या वेळीही. एका हरकत नसण्यानं ती पुन्हा रिक्षात बसल्यासारखी झाली होती. त्या रात्री तिनं स्वतःला रीत घालून घेतली होती. दुकानात शिरताना कासव. हॉर्न वाजवायचा नाही. आधी आत नजर टाकायची, वळायला जागा आहे का बघायची, नसेल तर मागं मागंच यायचं. लहान मूल रांगत असेल तर थांबायचं. आणि जिथं लोक चपला काढतात तिथं चाकं उघडी न्यायची नाहीत. शेजारच्या सारजाबाई कपडे शिवायच्या. त्यांच्याकडून तिनं जुन्या चादरीची चार कव्हरं लास्टिक घालून शिवून घेतली. सारजाबाई ती हातात घेऊन म्हणाल्या, ‘‘आवं बाई, ही तर टोपडी झाली की! चार पोरं हायती का काय तुमच्या गाडीला?’’ दोघी हसल्या होत्या. पण घरी येऊन ती टोपडी पिशवीत घालताना मेघनाच्या मनात एक काटा राहिलाच. हे मी रीत म्हणून करते आहे की भीती म्हणून? घरात कुणी येताना पाय धुऊन येतो त्याला आपण सभ्य म्हणतो. पण दाराशीच कुणी आपणहून पाय लपवत असेल तर त्याला काय म्हणायचं? गणित असतं तर तिनं सोडवलं असतं.

‘‘काय झालं, काका?’’ आतून एक तरुण आला. गोरा, नीट दाढी कोरलेला, हातात फोन. मालकांचा मुलगा, ऋषिराज. गल्ल्यावरच्या माणसानं त्याला त्याच नावानं हाक मारून पुढं केला होता. त्यानं एका नजरेत सगळं पाहिलं आणि फोन खिशात ठेवला. ‘‘नमस्कार मॅडम. या ना. म्हणजे... इथंच बसा, या कोपऱ्यात. एसी आहे. पाणी आण रे! साड्या दुसऱ्या मजल्यावर आहेत, पण तुम्ही कशाला त्रास घेता? सांगा फक्त, आम्ही सगळा माल खाली आणून दाखवतो. वर पांढऱ्या गाद्या आहेत ना, सगळे चपला काढून बसतात. गाडी आत न्यायची आपल्याकडं पद्धत नाही.’’

किती नीट बोलत होता. एका शब्दाला बोट लावायला जागा नव्हती. आणि नेमका तोच एक शब्द, पद्धत, तिच्या कानात वेगळ्याच आवाजात पडला. तो वडिलांचा आवाज होता. बाजीराव पाटबंधारे खात्यात चौकीदार होते, नीरेच्या कालव्यावर त्यांनी हयात घालवली, पण गाव इंदापूर तालुक्यातलं बावडा. ते लहान असताना तिथल्या कापडाच्या दुकानाला एक ओटा होता, आणि ओट्याखाली उभं राहून त्यांच्या आईनं, पुतळाबाईनं, लुगडं घ्यायचं. दुकानदार वरून टाकायचा, खाली झेलायचं. ‘‘निवडायचं न्हाय,’’ बाजीराव सांगायचे, ‘‘टाकील ते घ्यायचं. बाहेरनंच घ्यायची पद्धत हाय म्हणायचा त्यो. वरडून न्हाय हां, ग्वाड बोलायचा.’’ मग छप्पन साल आलं. दीक्षा घेतल्यावर पुतळाबाई त्याच दुकानात गेली आणि काही न बोलता पायरी चढून जाजमावर बसली. ‘‘चढताना आईचं पाय लटलट कापत हुतं, मी मागं हुतो, मला दिसलं. पर बसल्यावर न्हाय कापलं.’’ एवढंच सांगून बाजीराव उठायचे. लहानपणी मेघनाला वाटायचं गोष्ट अजून बाकी आहे. बाकी काही नव्हतं.

दोन गोष्टी एक नव्हत्या, हे तिला कळत होतं. हा पोरगा तिला पाणी देत होता, खुर्ची देत होता, सगळा माल खाली आणतो म्हणत होता. त्याच्या मनात विटाळाचं नावही नव्हतं. असलीच तर गाद्यांची काळजी होती, आणि ती काळजी तिलाही पटत होती. आणि तरीही उंबऱ्यावर थांबून दुसऱ्यानं काढून आणलेल्यातलं घ्यायचं, एवढं मात्र तेच होतं. ते कितीही गोड आवाजात असलं तरी तेच होतं. तिला बोलायचं होतं. ‘ही गाडी नाही, हे माझे पाय आहेत’ असं एक वाक्य तोंडाशी आलंही, पण ते तिला वक्तृत्व स्पर्धेतलं वाटलं आणि तिनं ते गिळलं. आता मान दुखत होती. मागं दोन बायका येऊन थांबल्या होत्या, त्यांची कुजबुज ऐकू येत होती. एकीच्या हातातल्या पोरानं ‘‘मला पन तसली गाडी’’ म्हणून सूर लावला होता. परत फिरणं किती सोपं होतं. बदामी साडी कपाटात होतीच.

‘‘बाजू, बाजू! व्हा जरा!’’ फुटपाथवरून एक हमाल कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेली ढकलगाडी रेटत आला. टेम्पो तिकडं चौकाच्या अलीकडं लागला होता आणि गाडी रस्त्यावरच्या सगळ्या चिखलातून, शेणातून आली होती. लोखंडी चाकांना काळी राड लागलेली स्पष्ट दिसत होती. ‘‘मॅडम, एक मिनिट जरा मागं घेता का?’’ ऋषिराज म्हणाला. मेघनानं खटका उलटा दाबला. गाडी पीं पीं करत मागं सरली, मागच्या बायका बाजूला झाल्या. ऋषिराजला वाटलं, निघाल्या. ‘‘थँक्यू, मॅडम,’’ तो सुटल्यासारखा म्हणाला, आणि त्यानं दाराचं एक पान धरलं, जोतीरामनं दुसरं. दोन्ही पानं सताड उघडी. ढकलगाडी पितळी पट्टीवरून धडधडत आत गेली. तिच्यामागं दार मोकळं होतं. दोन माणसं ते दोन्ही बाजूंनी अदबीनं धरून उभी होती.

नंतर तिला कितीदा तरी आठवलं, की त्या क्षणी आपण काहीच ठरवलं नव्हतं. अंगठ्यानं बटण फिरवलं होतं एवढंच. कासवाकडून सशाकडं. दुकानात शिरताना कासव, ही तिची स्वतःची पहिली रीत, आणि तीच आधी मोडली. गाडीनं उडी घेतल्यासारखी घेतली, पट्टीवर एक दणका बसला, तिचे दात एकमेकांवर आपटले, उदबत्तीचा वास भसकन नाकात शिरला आणि ती आत होती. बाहेरचा रस्त्याचा आवाज तुटला. मागं दार मिटलं.

‘‘मॅडम—’’ ऋषिराज धावत आला. ‘‘अहो मॅडम, तुम्हाला सांगितलं ना—’’

तिनं गाडी थांबवली. बटण पुन्हा कासवावर आणलं. मग फरशीकडं बोट केलं. पांढऱ्याशुभ्र फरशीवर ढकलगाडीच्या चाकांचे दोन काळे पट्टे सरळ माल ठेवायच्या खोलीपर्यंत गेले होते आणि त्यांच्या शेजारी तिच्या चाकांच्या धुळीच्या पुसट रेघा होत्या. वर्गात फळ्यावरचं उत्तर दाखवून ती मुलांना जसं विचारायची, तसंच, आवाज न चढवता तिनं विचारलं, ‘‘त्या गाडीची चाकं पुसली का?’’

तो फरशीकडं बघत राहिला. काउंटरवरच्या दोघी-तिघीही बघायला लागल्या. हे बघणं वर्गातल्या मुलाचंच होतं: उत्तर येत नसलेल्याचं नव्हे, उत्तर दिसलेल्याचं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याची कीव यावी असं काही नव्हतं, पण त्याच्यावरचा तिचा राग तिथंच संपला. ‘‘कापड आत येतं. मग ते नेसणारी बाहेर कशी?’’ ती म्हणाली. ‘‘गाद्या खराब होऊ नयेत हे बरोबर आहे. त्याची सोय मी घरून करून आलेय.’’

पिशवीतून तिनं चार कव्हरं काढली. पुढची दोन तिनं स्वतः वाकून चढवली. खांद्यातून कळ गेली, पण चढवली. मागच्या चाकांपर्यंत तिचा हात पोचायचा नाही हे तिला घरीच कळलं होतं, आणि त्या एका गोष्टीची तिला सकाळपासून धास्ती होती: कुणाला तरी सांगावं लागेल. आता तिनं मान वळवली आणि सहज, पेन मागावं तसं म्हणाली, ‘‘जोतीराम आबा, मागची दोन तेवढी घालता का? माझा हात पुरत नाही.’’

‘‘व्हय व्हय, घालतो की,’’ म्हातारा गुडघ्यांवर बसलाच. लास्टिक ताणून बसवताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. ‘‘घट बसली. ल्हान पोराचं टोपडंच हाय जनू,’’ तो म्हणाला आणि उठताना गाडीचाच आधार घेतला. मग तिच्याकडं, पहिल्यांदा सरळ तिच्या तोंडाकडं बघून, हळूच म्हणाला, ‘‘मघाशी दांडा धरला, राग धरू नगा. सांगितल्यालं काम हाय.’’ तिनं मान हलवली. चाकं मऊ, मुकी झाली होती. आणि इतके दिवस टोचत असलेला तो काटा तिच्या लक्षातही न येता निघून गेला होता. दाराबाहेर घातली असती तर ती भीती झाली असती. आत आल्यावर घातली, ती रीत. एवढंसं ते उत्तर.

लिफ्टमध्ये गाडी जेमतेम बसली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि मेघना खटका दाबायचंच विसरली. समोर भिंत होती. दुकानाची मागची भिंत, जमिनीपासून छतापर्यंत घड्यांनी भरलेली. डाळिंबी, अबोली, मोरपिशी, वांगी, लिंबाच्या सालीसारखा पिवळा, आमसुली, शेवाळी. काही रंगांना तर तिच्याकडं नावच नव्हतं, आणि गणिताच्या बाईंना नाव नसलेली गोष्ट समोर आली की जी अस्वस्थता यायची तीच आली, पण गोड. म्हणजे हे सगळं इथं होतं! ती बाहेर रिक्षात बसून तीन घड्या मांडीवर घेत होती त्या प्रत्येक वेळी हे सगळं इथं, भिंतीवर, होतंच. रडू येईल की काय असं तिला वाटलं. पण आलं ते वेगळंच. तिला हाव सुटली.

‘‘या मॅडम, कुठल्या रेंजमधलं दाखवू?’’ साड्या दाखवणारी मोना वीस-बावीस वर्षांची, चटपटीत मुलगी होती. तिनं गाडीकडं एकदा पाहिलं, कव्हरांकडं पाहिलं, आणि गादीची कड स्वतःच जरा मागं ओढून गाडीला जागा करून दिली. ‘‘तुम्हाला सोबर बघायचं असेल तर या बाजूला—’’

‘‘सोबर नको. तिकडचं दाखव. ते वरचं.’’

‘‘कुठलं?’’

‘‘सगळं.’’

मोनानं दाखवलं. घडी उलगडताना कापडाचा जो सपकन आवाज होतो तो मेघनानं एवढ्या जवळून कधी ऐकला नव्हता. नव्या रेशमाचा खळीचा वास, पदराचा वारा गालावर. ती हात पुढं करून प्रत्येक साडी बोटांत घेऊन बघायची. मोकळे हात, दोन्ही. आणि म्हणायची, नको. डाळिंबी? नको. मोरपिशी? छान आहे, नको. आयुष्यात तिनं इतक्यांदा ‘नको’ कधी म्हटलं नव्हतं. रिक्षात तिसरीला ‘नको’ म्हणायची सोयच नसायची, पुन्हा कोण आत जाणार. इथं विसाव्या ‘नको’ला मोनानं हसून एकविसावी उलगडली. शेजारच्या गादीवर वडगाव निंबाळकरहून लग्नाच्या बस्त्याला आलेली मंडळी होती. त्यांच्यातली एक ठसठशीत म्हातारी, ठमाबाई, स्वतःच्या साड्या सोडून इकडंच बघत बसली होती. न राहवून म्हणाली, ‘‘बाई, त्यो हिरवा घ्या की. उजळ दिसाल.’’

‘‘तुम्हीच घ्या आजी तो. माझा अजून सापडायचाय.’’

‘‘सापडंल, सापडंल. घाई न्हाय,’’ म्हातारी म्हणाली आणि नवरीची साडी बाजूला ठेवून खरोखरच तो हिरवा हातात घेऊन बघायला लागली.

तो सापडला तेव्हा मोना त्याला उलगडतही नव्हती, दुसरं काही काढताना तो नुसता ढिगातून घसरून गादीवर आला होता. गुलबक्षी. संध्याकाळी उमलणाऱ्या फुलाचा, कुणाला न विचारता उमलणारा तो लालजांभळा, आणि काठाला कालव्याच्या कडेच्या गवताचा हिरवा. मेघनानं तो मांडीवर ओढून घेतला. मोनानं आरसा फिरवला. आरशात एक सावळी, रुंद खांद्यांची बाई बसली होती. चाळीस वर्षं कुबड्या चालवून कमावलेले खांदे, आणि त्यावर तो रंग असा काही ठाम पडला होता की तिनं आपोआप पाठ ताठ केली. शांत पसंती! ती मनात म्हणाली आणि एकटीच मोठ्यानं हसली. उद्या प्रार्थनेला शाळेची सहाशे मुलं रांगेत उभी असतील. बघू दे.

‘‘ही,’’ ती म्हणाली.

‘‘नक्की ना मॅडम? अजून आहेत.’’

‘‘ठाऊक आहे अजून आहेत. म्हणूनच नक्की.’’

ऋषिराज केव्हा वर आला होता तिला कळलं नाही. तो लिफ्टपाशी उभा होता, जरा लांब, हात मागं बांधून. साडी मोनाच्या हातून त्यानं स्वतः घेतली. ‘‘फॉल-पिको दुपारपर्यंत करून देतो, उद्या नेसायची असेल तर,’’ तो म्हणाला. मग थोडं थांबून, ‘‘दाराशी उतार करायचं सांगितलंय मी आत्ताच. पट्टीवर दणका बसला ना तुम्हाला... आणि काकांनाही सांगितलं. यापुढं चाकांची गाडी असली, कुणाचीही, तर थांबवायचं नाही.’’

‘‘आणि कव्हरं?’’

‘‘आम्हीच शिवून ठेवू. दाराशी ठेवू. ज्याला हवी त्यानं मागायची.’’

‘‘शहाणा आहेस,’’ ती म्हणाली. शाळेत वर्षातून एखाद्यालाच मिळायचं हे. त्याला ते कसं कळावं. पण तो खूश झाला, हे दिसलं. ‘‘चला मॅडम, खाली सोडतो तुम्हाला. दाबू ना तळमजला?’’

मेघना गाडी वळवून लिफ्टमध्ये शिरली. आतल्या पट्टीवर आकडे होते, एकाखाली एक.

‘‘तिसऱ्या मजल्यावर काय आहे?’’

‘‘तिसऱ्या? तिथं सगळं पुरुषांचं, मॅडम. सूटिंग-शर्टिंग, शेरवान्या, फेटे. कुणासाठी बघायचंय?’’

‘‘कुणासाठीच नाही,’’ ती म्हणाली आणि हात लांबवून तिनं स्वतःच तीनचं बटण दाबलं. ‘‘बघायचंय.’’